कात्री, खळ आणि क्लिपबोर्ड : लिखित मजकूर निवडणे, उतरविणे व हलविणे यांचा इतिहास

एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे म्हणजे ती रद्द करणे, हा अर्थ मराठी भाषेने लेखकूंच्या व्यवसायातून उचलला आहे. पोथीत चुकीचे अक्षर पडले म्हणजे लेखकू त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत असे, आणि लेप वाळल्यावर त्याच जागी पुन्हा लिहीत असे. शब्द गळला असेल तर तो समासात लिहून ओळीत योग्य स्थळी काकपदाची अथवा हंसपदाची खूण करण्याची रीत होती. म्हणजे खोडणे आणि घालणे या दोन क्रियांसाठी हस्तलिखितांच्या परंपरेत निश्चित साधने होती. तिसऱ्या क्रियेसाठी, म्हणजे लिहून झालेला परिच्छेद एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्यासाठी, मात्र पान पुन्हा लिहून काढण्याखेरीज इलाज नव्हता. मजकूर आणि कागद यांची गाठ सुटत नव्हती.

प्रत उतरविणे हे काम वरवर यांत्रिक वाटते. तथापि त्यात ‘कोठून कोठपर्यंत’ या प्रश्नाचे उत्तर लेखकूला प्रत्येक क्षणी द्यावे लागे. मूळ पोथीतील काही अक्षरे डोळ्यांनी उचलावयाची, ती स्मरणात धरावयाची आणि नव्या पानावर ठेवावयाची, असा तो क्रम होता. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की नजर पहिलीवरून दुसरीवर घसरे आणि मधला मजकूर गळे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा दोष वस्तुतः निवडीचा दोष होय : लेखणी चुकत नाही, उचललेल्या भागाची सीमा चुकते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी तुलनापत्रके वापरण्यात आली, त्यांच्या रचनेत या दोषावरचा उपाय दिसतो. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर सर्वांत वर प्रचलित पाठातील श्लोक लिहावयाचा आणि त्याखाली एकेका पोथीतील भिन्न पाठ त्या त्या अक्षराच्या रकान्यात, अक्षराखाली अक्षर येईल असा, नोंदवावयाचा, ही पद्धती विष्णू सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. निवडीचा घटक तेथे अक्षर हा होता; शब्दही नव्हे आणि सुटा वर्णही नव्हे. ही गोष्ट पुढे पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

मुद्रणकलेने मजकूर प्रथमच हलता केला. जुळाऱ्याने जुळवलेल्या खिळ्यांच्या ओळी गॅलीवरून उचलून खालीवर करता येत. पण हे सामर्थ्य छापखान्यातच राहिले. लेखकाच्या व संपादकाच्या हाती आली ती कात्री आणि खळ. टंकलिखिताच्या पट्ट्या कापून त्या दुसऱ्या कागदावर नव्या क्रमाने चिकटविणे हा विसाव्या शतकात संपादनकचेऱ्यांतून रोजचा व्यवहार होता. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे आज कळफलकावरचे शब्द झाले असले, तरी त्यांचा वाच्यार्थ अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

संगणकाच्या आरंभकाळात मजकुराची दुरुस्ती याच कातरकामाचे अनुकरण करीत होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डॅन मर्फी यांनी १९६२ च्या सुमारास रचलेल्या ‘टेको’ या संपादकाचे नावच मुळी ‘फीत-संपादक व दुरुस्तक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून झाले होते, कारण मजकूर छिद्रांकित कागदी फितीवर असे. १९६४ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय फीत जोडलेले सिलेक्ट्रिक टंकलेखनयंत्र विक्रीस आणले. त्यामुळे चुकलेला शब्द फितीवरच दुरुस्त करून पान नव्याने टंकित करून घेता येऊ लागले. बर्कली येथे पीटर डॉइच आणि बटलर लॅम्पसन यांनी ‘क्यूईडी’ हा संपादक तयार केला व १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात मजकुराचा तुकडा एका राखीव कप्प्यात ठेवून अन्यत्र आणण्याची सोय होती. या सर्व साधनांत एक उणीव समान होती. वापरणाऱ्यास मजकूर दाखविता येत नसे, सांगावा लागे. अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंत, किंवा अमुक शब्द जेथे येतो तेथपर्यंत, असे वर्णन टंकित करून मगच तो तुकडा यंत्राच्या हाती देता येई. बोट ठेवून ‘हा’ म्हणण्याची सोय नव्हती.

ती सोय डग्लस एंगेलबार्ट यांनी करून दिली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकपरिषदेत त्यांनी सुमारे दीड तास जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात बाजारहाटाच्या एका साध्या यादीतील शब्द त्यांनी माउसच्या साहाय्याने दाखवून उतरविले, हलविले आणि गटवार लावले. माउस हे उपकरण स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेतील त्यांच्या गटाने चार वर्षांपूर्वीच बनविलेले होते. परंतु त्यांच्या पद्धतीत आज्ञेचा क्रम असा होता की प्रथम क्रिया सांगावयाची (खोड, उतर, हलव), मग घटकाचा प्रकार सांगावयाचा (अक्षर, शब्द, विधान), आणि शेवटी तो घटक पडद्यावर दाखवावयाचा. क्रिया सांगितल्यापासून घटक दाखवीपर्यंत यंत्र एका मधल्या अवस्थेत अडकून राही. एंगेलबार्ट यांना याचे वावगे वाटत नव्हते. प्रशिक्षित माणसाचे बौद्धिक सामर्थ्य वाढविणे हे त्यांचे ध्येय होते, आणि वाद्य शिकताना जसे श्रम घ्यावे लागतात तसे येथेही घ्यावे लागणार, असे ते मानीत. या भूमिकेची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यांच्या गटातील माणसे विलक्षण वेगाने काम करीत. तथापि कचेरीतील टंकलेखिकेला ती पद्धती शिकविणे सोपे नव्हते.

या प्रश्नाची निर्णायक तड लागली ती झेरॉक्स कंपनीने पालो आल्टो येथे १९७० साली स्थापन केलेल्या संशोधनकेंद्रात. तेथील ‘आल्टो’ या संगणकासाठी लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ हा संपादक तयार केला. पान कागदावर जसे उमटणार तसेच पडद्यावर दिसावे, ही त्याची थोरवी. पण त्याचा कळफलक दोन अवस्थांत विभागलेला होता. एका अवस्थेत दाबलेली कळ अक्षर म्हणून उमटे, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरे. आज्ञावस्थेत असल्याचे विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकित केला तर काय होई, याची कथा त्या केंद्रात प्रसिद्ध होती. पहिल्या कळेने संपूर्ण मजकूर निवडला जाई, दुसरीने तो खोडला जाई, तिसरीने नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई आणि चौथे अक्षर, ‘टी’, तेवढे पडद्यावर उरे. सबंध लेख जाऊन एक अक्षर! या कथेत विनोद आहे. परंतु ज्याचा लेख गेला त्याला तो कितपत जाणवला असेल, हा प्रश्नच आहे.

‘अवस्था’ या कल्पनेविरुद्ध ज्याने जन्मभर मोहीम चालविली, तो लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) त्याच केंद्रात काम करीत होता. अवस्था नकोत, या अर्थाची इंग्रजी अक्षरे त्याने आपल्या मोटारीच्या क्रमांकपाटीवरही घातली होती. त्याच्या पद्धतीतील महत्त्वाची गोष्ट ही की त्याने प्रश्न तज्ज्ञांना विचारला नाही. १९७३ साली, संपादकाचा आराखडा मनात घोळत असताना, त्याने कचेरीत नव्यानेच आलेल्या एका लेखनिक स्त्रीस कोऱ्या पडद्यासमोर बसविले, मुद्रितशोधनाच्या खुणा केलेले एक पान तिच्या हाती दिले, आणि या दुरुस्त्या पडद्यावर कशा कराव्यात असे तिला वाटते, ते विचारले. संगणकाच्या संपादकांशी तिचा पूर्वपरिचय नव्हता. तिने सांगितलेली रीत सरळ होती : खोडावयाचे ते दाखवावयाचे, मग खोडावयाचे, घालावयाचे तेथे बोट ठेवावयाचे, मग टंकित करावयाचे. आधी वस्तू, मग क्रिया. प्रशिक्षणाने बिघडलेली नसलेली बुद्धी हा क्रम आपोआप धरते, या टेस्लरच्या तर्काला त्यामुळे आधार मिळाला. (मराठी वाक्यातही कर्म आधी आणि क्रियापद शेवटी येते. ‘हा परिच्छेद खाली ने’ म्हणणाऱ्यास या क्रमात नवल वाटू नये. अर्थात हा योगायोगच होय. त्यावर भाषाविषयक सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही.)

दुसरा धागा गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचा. ती झेरॉक्सच्या मालकीची होती. पुस्तके संगणकावर संपादित करता येतील काय, हे पाहण्याचे काम तिच्याकडील टिम मॉट याच्याकडे आले. संपादक प्रत्यक्षात काय करतात हे पाहिल्यावर त्याला आढळले ते कागद, लेखणी, कात्री आणि खळ. टेस्लर आणि मॉट यांनी ब्राव्होच्या पायावर १९७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ हा संपादक उभा केला, तो या निरीक्षणांना धरून. मजकुराच्या आरंभी माउसची कळ दाबून अखेरपर्यंत ओढीत नेली की तो भाग निवडला जाई. शब्दावर दोनदा कळ दाबली की शब्द निवडला जाई. निवडलेला भाग ‘कट’ या आज्ञेने निघे आणि ‘पेस्ट’ या आज्ञेने इष्ट स्थळी बसे. क्रियांची ही नावे गिनच्या मेजांवरून उचललेली होती. कापलेला मजकूर पुन्हा चिकटविता येईल अशा रीतीने राखला जाई, आणि ‘हलविणे’ अशी एकसंध आज्ञा ठेवण्याची गरजच उरली नाही. एंगेलबार्टच्या पद्धतीत हलविणे ही एक क्रिया होती, तिच्यात उगम आणि गंतव्य दोन्ही एकदम सांगावी लागत. जिप्सीने तिचे दोन भाग केले. या विभाजनामुळे दोन्ही भागांच्या मधला काळ मोकळा झाला : मजकूर कापून झाल्यावर माणूस दुसरीकडे काही दुरुस्ती करू शके, पान उलटू शके, विचार बदलू शके. यंत्र त्याची वाट पाहत तिष्ठत बसत नसे.

येथे अंतर्गत रचनेविषयी चार शब्द आवश्यक आहेत, कारण वापरणाऱ्यास जे दिसते त्याहून ती निराळी आहे. ब्राव्होत मजकूर खरोखर हलत नव्हता. जे. स्ट्रॉदर मूर यांच्या कल्पनेवर आधारलेल्या ‘तुकड्यांच्या कोष्टका’त मूळ मजकूर जसाच्या तसा राही, नवे लेखन दुसऱ्या ठिकाणी केवळ पुढे पुढे जोडले जाई, आणि दृश्य मजकूर म्हणजे ‘अमुक ठिकाणचा अमुक स्थानापासून इतक्या लांबीचा तुकडा’ अशा नोंदींची यादी असे. परिच्छेद खाली नेणे म्हणजे नोंदींचा क्रम बदलणे. खोडणे म्हणजे नोंद गाळणे. खोडलेली अक्षरे जागच्या जागीच राहत. १९८१ साली सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली निघालेल्या ‘वर्ड’मध्ये हीच रचना पोहोचली. तिचा एक परिणाम लेखकांच्या ध्यानी उशिरा आला. वर्डच्या अनेक आवृत्त्यांत फाइल झटपट जतन करण्याची जी सोय होती, तिच्यामुळे लेखकाने खोडलेला मजकूर फाइलच्या पोटात शिल्लक राही आणि जाणकाराला तो वाचता येई. हरताळाच्या लेपाखालची अक्षरे पुसट दिसावीत तसाच हा प्रकार. गोपनीयतेच्या दृष्टीने तो दोष होता आणि पुढे ती सोय काढून टाकण्यात आली. पाठचिकित्सकाच्या दृष्टीने मात्र त्या काळातील फाइली हे एक अनपेक्षित साधन ठरते.

टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेला. जानेवारी १९८३ मध्ये आलेला ‘लिसा’ आणि जानेवारी १९८४ मध्ये आलेला ‘मॅकिन्टॉश’ या संगणकांनी कापणे, उतरविणे, चिकटविणे या क्रिया एका संपादकापुरत्या न ठेवता सर्व आज्ञावलींना समान केल्या, आणि मधल्या कप्प्याला ‘क्लिपबोर्ड’ हे नाव रूढ झाले. कळफलकाच्या खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा उलट करणे, कापणे, उतरविणे आणि चिकटविणे यांना मिळाल्या. एक्समध्ये फुलीची आकृती आहे, सी हे ‘कॉपी’चे आद्याक्षर आहे, व्ही हे मुद्रितशोधकाच्या घालण्याच्या खुणेसारखे, म्हणजे जवळजवळ उलट्या काकपदासारखे, दिसते. पुढे विंडोज प्रणालीनेही याच कळा स्वीकारल्या.

या प्रवाहाबाहेर एक समांतर परंपरा होती, तिचा उल्लेख करावयास हवा. १९७८ साली आलेल्या ‘वर्डस्टार’मध्ये माउस नव्हता. कंट्रोल कळेसह के व बी दाबून खंडाचा आरंभ, आणि के व के दाबून शेवट अंकित करावयाचा. मग कर्सर इष्ट स्थळी नेऊन के व व्ही दाबले की खंड तेथे येई, के व सी दाबले की त्याची नक्कल येई. मधला अदृश्य कप्पा नाही. अंकित केलेला खंड पडद्यावर डोळ्यांसमोर राही. डॉसवरील वर्डमध्ये कप्पा होता, परंतु त्यातील मजकूर पडद्याच्या तळाशी महिरपी कंसात दिसे. आजच्या क्लिपबोर्डमध्ये काय आहे हे चिकटविल्याशिवाय सहसा कळत नाही, आणि नवी नक्कल केली की जुनी बहुधा नाहीशी होते. विंडोजमध्ये मागच्या नकलांची यादी पाहण्याची सोय २०१८ साली आली. इमॅक्स या संपादकात कापलेल्या तुकड्यांची अशी मालिका कितीतरी आधीपासून होती.

मराठी लेखनात हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान संगणकात एक कार्ड बसवून डॉसवरील वर्डस्टारसारख्या आज्ञावलींत देवनागरी आणीत असे. त्यामागील ‘इस्की’ संकेतप्रणालीत (भारतीय मानक १३१९४, १९९१) अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जात : ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. याउलट विंडोजवर जे देवनागरी फाँट प्रचारात आले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसविलेले होते. वेलांटी दिसते आधी म्हणून साठविलीही जाई आधी. ‘ख’ म्हणजे अर्धा ख आणि त्यापुढे काना. कर्सर अर्ध्या ख आणि त्याच्या दंडाच्या मध्ये उभा राही. निवडीची सीमा अशा स्थळी पडे की जेथे मराठी वाचकाच्या मते सीमाच नाही. असा मजकूर उतरवून दुसऱ्या फाँटमध्ये चिकटविला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. उतरविणे या क्रियेची पूर्वअट ही की उतरवावयाची वस्तू अक्षरे असावीत. येथे ती केवळ आकृत्यांची खूणगाठ होती. दोन दशकांत तयार झालेले प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि कोशांची टिपणे या रूपात अडकून पडली, आणि ती आज परत वाचावयाची तर फाँटनिहाय रूपांतर करावे लागते.

१९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने इस्कीचाच उच्चारक्रम स्वीकारला, आणि मराठी मजकूर आज्ञावलीच्या सीमा ओलांडू लागला. तरीही दोन अडचणी राहिल्या. पहिली अदृश्य चिन्हांची. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य संयोजक घालून. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच. शोध घेताना मात्र एक दुसऱ्यास जुळेलच असे नाही. मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेताना ‘साफसफाई’ म्हणून हा अदृश्य संयोजक काढून टाकला गेला की स्वयंपाकी गुरू होतो, आणि पानावर कोठेही डाग पडत नाही. लेखकूच्या नजरचुकीचा माग इतर पोथ्यांच्या तुलनेने लागतो. येथे एकाच चुकीच्या नकलेपासून शेकडो नकला अक्षरशः एकरूप निघतात, आणि त्यांच्या संख्येला साक्षीपुराव्याचे मूल्य राहत नाही.

दुसरी अडचण घटकाची. ‘क्षि’ यात क, हलन्तचिन्ह, ष आणि वेलांटी असे चार संकेत आहेत. मराठी वाचक त्याला एक अक्षर मानतो. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार मात्र हलन्तचिन्हानंतर घटक तुटत असे, म्हणून ‘क्षि’चे दोन घटक होत, आणि ‘मागे खोडा’ ही कळ दाबली की बहुतेक संपादकांत केवळ शेवटचा संकेत, म्हणजे वेलांटी, जाते. निवड एका मापाने आणि खोडणे दुसऱ्या मापाने, ही विसंगती देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती विसंगती आहे हेच जाणवेनासे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम बदलण्यात आला, आणि जोडाक्षर हा अखंड घटक धरला गेला. महाभारताच्या तुलनापत्रकांवर एका रकान्यात जे लिहिले जाई, ते आता नियमाने एकच अक्षर ठरले आहे. ज्या आज्ञावलींनी तो नियम अजून उचललेला नाही, त्यांत कर्सर पूर्वीप्रमाणेच क् आणि षि यांच्या मध्ये थांबतो.